नवशिक्याचे भुयार : सोपे की सुबोध?

'नवशिक्यांसाठी आहे, तेव्हा जरा सोपेच ठेवा.' हे वाक्य आम्ही दोघांनी नोकरीच्या इतक्या वर्षांत प्रामुख्याने दोन ठिकाणी ऐकले. एक, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकांत. आणि दुसरे, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळासाठी आपले पहिले भुयार रचायला बसलेल्या मंडळींत. दोन्ही ठिकाणी ते सद्‌हेतूने उच्चारले जाते, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा शेवट सारखाच होतो. ज्याच्यासाठी सोपे केले तो दुसऱ्या खेपेला फिरकत नाही. अभ्यासक्रमांविषयी पुन्हा केव्हातरी. आज भुयाराविषयी.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच माणसे बसतात. त्यांतला एक जण जग सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात : कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. जग सांभाळणारा सांगतो, समोर ओलसर पायऱ्या आहेत, खालून धुराचा वास येतो आहे, काय करता? खेळाडू तोंडी उत्तर देतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकायचा. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर त्यात वीस बाजूंचाही एक असतो. पात्राच्या जिवाचा हिशेब 'हिट पॉइंट' नावाच्या आकड्यात ठेवतात. आकडा शून्यावर आला की पात्र कोसळते. लिखित संवाद नाहीत, ठरलेला शेवट नाही. संहितेवाचून उभे राहणारे नाटकच म्हणा ना. जग सांभाळणाऱ्याला मूळ इंग्रजीत 'डन्जन मास्टर' म्हणतात. आम्ही 'सूत्रधार' म्हणू. या शब्दात कळसूत्री बाहुल्यांची जी आठवण दडलेली आहे, ती पुढे कामाला येईल.

आमचाच प्रमाद आधी सांगतो, म्हणजे ही टीका परक्यांवर नाही हे स्पष्ट होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातल्या एम. ए.च्या पाच विद्यार्थ्यांपुढे आम्ही हा खेळ मांडला. शनिवारची दुपार, रिकामा वर्ग, चार बाके जोडून केलेले टेबल. भुयार आम्हीच रचले होते. गावाच्या देवळातली घंटा गॉब्लिनांनी चोरली आहे आणि ती पडक्या मठाखालच्या तळघरातून परत आणायची, एवढीच कथा. सहा खोल्या, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. पहिल्या खोलीत दोन मरतुकडे गॉब्लिन. तिसरीत एक कोडे, ज्याचे उत्तर शेजारच्या भिंतीवर कोरलेले. सहावीत एक ऑगर, म्हणजे आडदांड नरभक्षक राक्षस, आणि त्याच्यामागे पेटीत घंटा. ऑगरचा एक घाव एका योद्ध्याचा जीव घेणार असे फाशाने सांगितले, तेव्हा आम्ही पुठ्ठ्याच्या आडोशामागे आकडा गुपचूप बदलला. तीन तासांत घंटा मिळाली, सगळे सुखरूप, टाळ्याही झाल्या. आवराआवर करताना एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, आम्ही ते डावीकडचं दार उघडलं नसतं तर?' आम्ही हसून म्हणालो, 'तिथे दुसरं दारच नव्हतं.' ती म्हणाली, 'तेच म्हणतेय मी. आमच्याऐवजी दुसरं कुणीही असतं, तरी हेच झालं असतं ना?'

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्यानंतरच्या शनिवारी आणखी दोघे आले नाहीत. टाळ्या वाजवणारे का येत नाहीत, याचा विचार आम्ही पुष्कळ केला, आणि उत्तर तिच्या प्रश्नातच होते हे कळायला वेळ लागला.

आमचे म्हणणे असे, की नवशिक्यासाठी भुयार रचताना 'सोपे' आणि 'सुबोध' या दोन शब्दांची गल्लत होते. नवशिक्याजवळ नियमांचे ज्ञान नसते. अक्कल मात्र तो घरी ठेवून आलेला नसतो. कोणता फासा केव्हा टाकायचा हे त्याला ठाऊक नाही, पण अंधारात शिरण्यापूर्वी मशाल पेटवावी, बांधून ठेवलेल्या कैद्याला आधी दोन प्रश्न विचारावेत, भुकेल्या कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकून पाहावा, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. किंबहुना मुरलेल्या खेळाडूपेक्षा हे त्यालाच लवकर सुचते. कारण मुरलेला आपल्या कागदावरच्या आकड्यांकडे पाहत असतो आणि नवा समोरच्या खोलीकडे. सुबोध भुयारात ही अक्कल चालवायला जागा असते आणि केलेल्या कृतीचा परिणाम डोळ्यांसमोर घडतो. सोप्या भुयारात मात्र त्या अकलेची गरजच पडू दिली जात नाही.

या खेळाच्या इतिहासातली नवशिक्यांसाठीची नावाजलेली भुयारे उघडून पाहिली तर ती सोपी मुळीच नव्हती असे दिसते. गायगॅक्स यांचे 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घ्या. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेला जो प्रारंभ-संच बाजारात आला, त्यात हे साहस समाविष्ट होते. असंख्य खेळाडूंचे ते पहिलेच भुयार. सीमेवर एक किल्ला आणि जवळच्या घळीत गुहांची रांग, प्रत्येक गुहेत वेगळी टोळी. खेळ सुरू होतो तो किल्ल्यात कानांवर येणाऱ्या अफवांनी. या अफवांतल्या काही खऱ्या आहेत, काही चक्क खोट्या. एक अफवा अशी, की 'ब्री-यार्क' हा गॉब्लिनांच्या भाषेत शरणागतीचा उद्गार आहे. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा. तो ऐकू आला की गॉब्लिन गोळा होतात आणि शेजारच्या ऑगरकडे सोन्याच्या नाण्यांची थैली फेकून त्याला मदतीला बोलावतात. तेव्हा 'शरण आले हो' म्हणून तलवारी म्यान करणाऱ्या नवशिक्यांची काय गत होत असेल याची कल्पना करावी.

आता 'सोपे ठेवा' पंथाचे लोक म्हणतील, नवशिक्याला खोटी माहिती देणे हा अन्याय आहे. आम्हांला तो सन्मान वाटतो. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, एवढे तुला कळते, असे त्या अफवेने खेळाडूला न बोलता सांगितलेले असते. शिवाय फसलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घळीत जातो तेव्हा त्याच्याजवळ एक गोष्ट असते जी कोणत्याही नियमपुस्तकात नाही : ऑगर पैशावर चालतो, हे त्याला कळलेले असते. जो गॉब्लिनांच्या थैलीला भुलतो, तो आपल्याही थैलीला भुलेल. पाहता पाहता लढाईचे रूपांतर राजकारणात होते, आणि तेही पहिल्याच भुयारात.

दुसरे उदाहरण अलीकडचे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या प्रारंभ-संचातले 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'. रस्त्यात दोन मेलेले घोडे पडलेले आहेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले. ही पहिलीच चकमक नवख्यांना फार जड जाते, अशी तक्रार या साहसाविषयी आजवर अनेकांनी केली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण तक्रार करणारे पुढचे वाचत नाहीत. खेळाडू हरले तर काय, याचे उत्तर तिथेच दिलेले आहे : गॉब्लिन त्यांना बेशुद्ध टाकून, लुटून निघून जातात. पराभव झाला तरी कथा संपत नाही, उलट खेळाडूंना पाठलागाचे सबळ कारण मिळते. मग येते गॉब्लिनांची गुहा. तिच्या तोंडातून ओढा वाहतो. आत शिरणाऱ्यांवर वरच्या तळ्याचे पाणी सोडण्याची गॉब्लिनांची सोय आहे. साखळीने बांधलेल्या लांडग्यांच्या खोलीतून एक उभी कपार थेट म्होरक्याच्या दालनात निघते. आणि म्होरक्याच्या हाताखालचा यीमिक नावाचा गॉब्लिन, ज्याला म्होरक्या व्हायची घाई झाली आहे, ओलीस धरलेल्या माणसाच्या बदल्यात खेळाडूंकडे म्होरक्याचे शिर मागतो. लढा, चढा, बोला किंवा परत फिरा. जेमतेम आठ-दहा जागांची ही गुहा. पण दोन गट त्यातून गेले तर परत येऊन दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. आमच्या विद्यार्थिनीने मागितले होते ते हेच.

नकाशाचा मुद्दा यातूनच येतो. एका रेषेतल्या खोल्या म्हणजे भुयाराचे सोंग घेतलेला बोगदा. जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ साली 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' रचले, तेव्हा त्यात शिरायला अनेक वाटा आणि मजल्यांना जोडणारे अनेक मार्ग ठेवले, काही उघड, काही गुप्त. २०२४ साली त्यांचे निधन झाले. वाटांनी समृद्ध नकाशा कसा असावा याची चर्चा निघाली की आजही पहिले नाव त्यांचेच येते. 'ते सगळे मुरलेल्यांसाठी, नवशिक्या गोंधळेल,' असे म्हटले जाते. नवशिक्या गोंधळतो तो वाटा पुष्कळ असल्यामुळे नव्हे. त्या वाटांविषयी त्याला काहीच सांगितले जात नाही म्हणून. डावीकडे दार, उजवीकडे दार, निवडा : हा नुसता छापा-काटा झाला. डावीकडून भाकरी भाजल्याचा वास येतो आहे, उजवीकडच्या दाराला बाहेरून कडी आहे : आता विचार करता येतो. सहा खोल्यांच्या भुयारातही आत शिरायला दोन वाटा आणि फिरून परत येणारी एक वाट सहज मावते. त्यासाठी कागद जास्त लागत नाही.

सापळ्यांचेही तसेच. दिसत नसलेल्या खड्ड्यात पडणे आणि मग फाशाने घायाळ होणे, यात खेळाडूने केले काय? गायगॅक्स यांचे 'टूम ऑफ हॉरर्स', १९७५ सालच्या 'ओरिजिन्स' संमेलनातल्या स्पर्धेसाठी आणलेले आणि १९७८ मध्ये छापले गेलेले, नवशिक्याच्या हाती देऊ नये असेच भुयार आहे. क्रौर्याबद्दलच त्याची ख्याती. तरीही त्यातल्या सर्वांत कुप्रसिद्ध सापळ्याकडून एक धडा घेण्यासारखा आहे. हिरव्या रंगाचा एक सैतानी चेहरा, जबडा पसरलेला, आत मिट्ट काळोख. त्यात शिरणारा नाहीसा होतो. मात्र तो चेहरा लपवलेला नाही, सर्वांच्या देखत भिंतीवर आहे. धोका दिसू द्यावा, त्याचे स्वरूप ओळखायचे काम खेळाडूवर सोडावे; नवशिक्यासाठी त्याचा दंड सौम्य करावा आणि आत काठी घालून पाहणाऱ्याला काठी अर्धी झालेली दाखवावी. हे सुबोध झाले. सापळाच काढून टाकणे हे सोपे झाले.

सर्वांत नाजूक प्रश्न मरणाचा. १९८१ च्या नियमांत पहिल्या पातळीवरचा मांत्रिक चार बाजूंच्या फाशावर आपले हिट पॉइंट ठरवी. म्हणजे एक ते चार. उलट साध्या शस्त्राचा घाव सहा बाजूंच्या फाशाने मोजला जाई. एका फटक्यात खेळ आटोपणार, हे गणित उघड आहे, आणि ते आजच्या नवशिक्यावर लादावे असे आम्ही म्हणत नाही. पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेले पात्र लगेच मरत नाही. तीन अपयशे आधी की तीन यशे, हे फासा ठरवतो आणि तेवढ्यात सोबती धावून येऊ शकतात. ही सुधारणा चांगलीच आहे, कारण तिने मरण नाकारले नाही, त्याला अवधी दिला. आमची तक्रार आहे ती आडोशामागे आकडे बदलण्याविषयी, जे आम्ही स्वतः केले. खेळाडूला ते कळते. तोंडाने तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी मशाल पेटवण्याची काळजी घेत नाही, कैद्याला प्रश्न विचारत नाही. कारण काही केले तरी सूत्रधार तारणारच आहे. सूत्रधाराच्या हातातली कळसूत्रे एकदा दिसली, की बाहुलीला हात हलवावेसे वाटत नाहीत.

या बाबतीत १९८३ सालचा, फ्रँक मेंट्झर यांनी सिद्ध केलेला लाल पेटीतला संच आठवावा. त्यात एकट्याने वाचत वाचत खेळायचे एक साहस आहे. भुयारात अलीना नावाची धर्मोपदेशिका भेटते, जखमा बऱ्या करते, बोलता बोलता खेळाचे नियम समजावते; आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट मांत्रिकाच्या मंत्राने मरते. ते मरण वाचकाला टाळता येत नाही, एवढा त्यात दोष काढता येईल. पण नवशिक्याच्या पहिल्या तासाभरातच त्याच्या शिक्षिकेला मारण्याचे धाडस त्या लेखकाने केले, आणि त्या पेटीवर वाढलेले लोक आजही बार्गलचे नाव काढले की दात-ओठ खातात. कोवळ्या वाचकाला दुःख झेपत नाही, ही समजूत मोठ्यांची असते. वाचकांनी आपापल्या बालपणीच्या गोष्टी आठवून पाहाव्यात.

इथवर नवशिक्या खेळाडूविषयी झाले. पण टेबलाशी बहुधा आणखी एक नवशिक्या बसलेला असतो आणि त्याचा कुणी विचार करत नाही. तो म्हणजे सूत्रधार. त्याच्यासाठी केलेले 'सोपे' तर अधिकच घातक. प्रत्येक खोलीसाठी चौकटीत छापलेला परिच्छेद, तो मोठ्याने वाचून दाखवायचा, संपला की पुढची चौकट. वर्गात टिपणे वाचून दाखवणाऱ्या प्राध्यापकाचे विद्यार्थी जसे खिडकीबाहेर पाहतात, तसेच तिसऱ्या वाक्यानंतर खेळाडू पाहू लागतात. (हे आम्ही अनुभवाने सांगतो आहोत, दोन्ही बाजूंच्या.) याला उतारा १९७० च्या दशकाच्या अखेरीसच दिला गेला होता. माइक कार यांच्या 'इन सर्च ऑफ द अननोन'मध्ये खोल्यांची वर्णने आहेत, पण कोणत्या खोलीत कोणता प्राणी आणि कोणती संपत्ती, या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. शेवटी प्राण्यांची आणि ऐवजाची यादी. नव्या सूत्रधाराने विचार करून त्या जागा भरायच्या. वेगवेगळ्या द्रवांनी भरलेल्या कुंडांचे दालन लेखकाने दिले. त्याच्या आसपास कोण राहत असेल हे सूत्रधाराने ठरवायचे. ज्याने स्वतःच्या हाताने कोळी त्या खोलीत ठेवला, त्याला तो कोळी तिथे का आहे हे ठाऊक असते, आणि खेळाडूने अनपेक्षित प्रश्न विचारला तर चौकट शोधावी लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की ही जुन्याची भक्ती आहे. तसे नाही. 'कीप'मधल्या किल्ल्यातल्या एकाही माणसाला नाव नाही, नुसती पदे आहेत. सूत्रधाराला बारसी करत बसावे लागते. गुहांतल्या टोळ्यांची बायका-मुले तिथेच राहतात आणि त्यांचे काय करायचे याचा प्रश्न लेखकाला पडलेला दिसत नाही. नव्या रचनाकारांनी हे दोष दूर करावेत, करतही आहेत. २०२५ सालचा 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' हा प्रारंभ-संच त्याच किल्ल्यावर आणि गुहांवर बेतलेला आहे, यावरून त्या भूमीत अजून कस आहे एवढे तरी मान्य व्हावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : बुजरा माणूस पहिल्याच दिवशी हरला तर कायमचा निघून जाईल. जातही असेल. पण आमच्याकडून जी गेली ती हरून गेली नाही. ती जिंकून गेली.

नंतरच्या वर्षी आम्ही तेच भुयार पुन्हा रचले. खोल्या सहाच ठेवल्या, घंटाही तीच. मात्र मठात उतरायला पायऱ्यांबरोबर एक आड ठेवला. आणि गॉब्लिनांनी घंटा का चोरली याला कारण दिले : आतल्या खोलीतला ऑगर तिच्या आवाजाला भितो, म्हणून ते रात्रभर पाळीपाळीने ती वाजवत बसतात, झोपेविना अर्धमेले झालेले. घंटा नेली तर गॉब्लिन मेले, आणि मोकाट सुटलेला ऑगर गावाच्या वाटेला लागणार. हे कळण्याचे तीन मार्ग ठेवले : घंटेचा आवाज वाटेवरच ऐकू येतो, आडापाशी ऑगरची पावले उमटलेली आहेत, आणि कुणी विचारले तर गॉब्लिन सांगतात.

नव्या पाच जणांनी त्या तळघरात बसून चाळीस मिनिटे वाद घातला. आम्ही दोघे गप्प होतो. बोलण्याची गरजच पडली नाही. अखेर त्यांनी गॉब्लिनांशी करार केला आणि ऑगरला आडात पाडण्याचा बेत रचला. बेत अर्धा फसला. फासे सगळ्यांसमोर टाकलेले होते. मांत्रिक मेला. ज्याचे ते पात्र, तो मुलगा काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, 'मी दोर आधी बांधायला हवा होता.' दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि पुढच्या शनिवारी किती वाजता, असे त्याने विचारले.

पहिल्या तुकडीतल्या त्या मुलीला हे भुयार दाखवायचे राहून गेले, याची खंत आहे. प्रश्न तिचा होता, उत्तर दुसऱ्यांना मिळाले. असो. पुढच्या बैठकीत कुणी 'नवशिक्यांसाठी आहे, सोपे ठेवा' म्हणाले, तर कुणासाठी सोपे, एवढे तरी विचारावे असे आम्ही ठरवले आहे. आमचे भुयार सोपे होते ते आमच्यासाठी. कुणी काय करील याची आम्हांला काळजी नव्हती, कारण कुणाला काही करताच येत नव्हते.